भिंतीपलीकडचे शेजारी

आमच्या गावाचं नाव जऊळका. पण पत्त्यावर नुसतं जऊळका लिहून भागत नाही, ‘जऊळका रेल्वे’ असं लिहावं लागतं. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे, तिथल्या माणसानं आवाजाची तक्रार करावी, हे ऐकूनच आमच्याकडची जुनी मंडळी हसतील. मी लहान असताना अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेज होता. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर, वाफेचं इंजिन, आणि आमचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. रात्री मालगाडी गेली की फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. त्या किणकिणाटानं आम्हाला कधी जाग आली नाही. उलट एखाद्या रात्री गाडी आली नाही, तर आजी उठून बसायची आणि म्हणायची, “आज गाडी काहून नाही आली रे?” पुढे २००८ साली या मार्गावर रुंद रूळ आले, वाफेची इंजिनं तर त्याच्या आधीच गेली होती. बँकेतून निवृत्त होऊन मी परत गावच्या घरी राहायला आलो, तरी गाडीच्या आवाजानं माझी झोप मोडत नाही.

असा मी, गेल्या डिसेंबरात समुद्रावरच्या एका आलिशान जहाजात, मऊ गादीवर पडून दोन रात्री टक्क जागा होतो. कारण शेजारी.

त्याचं असं झालं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आम्हा दोघांना मुंबई-गोवा-लक्षद्वीप-मुंबई अशा चार रात्रींच्या सफरीची तिकिटं काढून दिली. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली निळी शाई. बँकेत माझे एक सहकारी रत्नागिरीकडचे होते. ते ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’ अशा कोकणच्या बोटींच्या गोष्टी सांगायचे. डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्याचं गाठोडं उशाला घ्यायचं, कोणीतरी भजन सुरू करायचं, कोणाला तरी बोट लागायची. तिथं खोल्याच नव्हत्या, त्यामुळे शेजाऱ्याच्या आवाजाची तक्रार कोण कोणाकडे करणार? सगळे एकाच अंथरुणावर असल्यासारखे. आम्हाला मात्र चांगली बंद दाराची खोली मिळाली होती. गोल खिडकी, आरसा, कपाट, न्हाणीघर, सगळं जिथल्या तिथं. आणि शेजारच्या खोलीत जायला एक आतलं दारही होतं, अर्थात कुलूपबंद. ‘किती सोय आहे नाही,’ असं मी त्या दाराकडे बघून म्हणालो होतो, हे पत्नीनं नंतर मला तीनदा ऐकवलं.

पहिल्या रात्री साडेअकराला पलीकडे गाणी सुरू झाली. छोटासा स्पीकर असावा, पण आवाज लग्नाच्या मांडवातला. त्यावर पाच-सहा माणसांचं मोठ्यानं बोलणं. आणि बोलणं कोणतं? तर आपल्या वऱ्हाडातलं! “अवं माय, आयकून राह्यली का?” “आयकू येते ना बापा!” परमुलखात आपली बोली कानावर पडली की जीव सुखावतो म्हणतात. पहिली दहा मिनिटं माझाही सुखावला. रात्री एक वाजता सुखावेना. मी भिंतीवर तीनदा टकटक केलं. पलीकडून कोणा पोरानं त्याच तालात तीनदा टकटक केलं आणि खिदळला. गाणी अडीचला थांबली.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. बारा वाजता मी फोन उचलला आणि स्वागतकक्षाला तक्रार नोंदवली. खोली क्रमांक, वेळ, तपशील, सगळं नीट. छत्तीस-सदतीस वर्षं बँकेत काढली आहेत. तक्रार कशी नोंदवावी हे मला कोणी शिकवायला नको. पाच मिनिटांत बाहेर बुटांचा आवाज आला, दार वाजलं, दोन वाक्यं कडक स्वरात बोलली गेली आणि सगळं चिडीचूप झालं. पत्नी कूस बदलून झोपली. मी विजयी मुद्रेनं छताकडे बघत राहिलो. झोप काही आली नाही.

आता जहाजाच्या भिंतीतून एवढं सगळं ऐकू कसं येतं, याचं मला कुतूहल होतं. परत आल्यावर थोडी माहिती मिळवली, ती तुमच्याही उपयोगी पडेल. जहाजातली भिंत विटांची नसते, नसावीच. वरच्या मजल्यांवर वजन वाढलं तर जहाजाचा तोल जाईल. म्हणून पातळ पत्र्याच्या दोन थरांमध्ये दगडी लोकर भरून या भिंती करतात. ही लोकर जळत नाही, हा तिचा मोठा गुण. बऱ्याच जहाजांवर तर न्हाणीघरासकट अख्खी खोली कारखान्यात तयार होते आणि खणात डबा सरकवावा तशी जहाजात सरकवली जाते. त्यातून सांगाडा लोखंडाचा. वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली तर खालच्याच्या डोक्यात ओढली जाते. आणि मधलं दार असेल, तर त्याच्या फटीतून निम्मं बोलणं इकडे येतं.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जहाजांवरच्या आवाजाविषयीची एक संहिता आहे. १ जुलै २०१४पासून ती नव्या मोठ्या जहाजांना बंधनकारक झाली. दहा हजार टनांवरच्या जहाजात खलाशांच्या खोलीत ५५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज असू नये, दोन खोल्यांमधल्या भिंतीनं किती आवाज अडवला पाहिजे, मधे दार असेल तर किती, असं सगळं तिच्यात मोजून दिलं आहे. पण गंमत अशी की, हे सारं कर्मचाऱ्यांच्या खोल्यांसाठी. पैसे मोजून आलेल्या प्रवाशाच्या खोलीला ते लागू नाही. आधी मला याचा राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे. आपण चार रात्री जागलो तर घरी जाऊन झोपू. जो माणूस महिनोन् महिने तिथंच राबतो आणि ज्याच्या जागं राहण्यावर आपला जीव अवलंबून आहे, त्याच्या झोपेची काळजी कायद्यानं आधी घ्यायला हवी.

तुम्हाला अशा सफरीला जायचं असेल, तर खोली घेताना नकाशा मागून घ्या. वरच्या आणि खालच्या मजल्यावर खोल्याच असतील, अशी मधली खोली उत्तम. जेवणघर किंवा पोहण्याच्या तलावाखालची नको, पहाटेपासून खुर्च्या ओढल्या जातात. उद्वाहनाजवळची नको. अगदी पुढच्या टोकाची नको, नांगराची साखळी सुटते तेव्हा डोक्यावर विहीर कोसळल्यासारखं वाटतं. आणि मधल्या दाराची तर, एकाच कुटुंबाच्या दोन खोल्या नसतील, तर मुळीच नको.

हे झालं भिंतीचं. शेजाऱ्याचं काय करायचं, ते कोणत्या नकाशात नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या रांगेत पंचेचाळिशीचा एक गृहस्थ माझ्याजवळ आला. हातात पोह्यांची बशी. “काका, राती कंप्लेंट तुमीच केली का?” मी होय म्हणालो. भांडणाच्या तयारीनंच म्हणालो. तो भांडला नाही. म्हणाला, “चूक आमचीच होती. पण दार वाजवलं असतं ना, तर लगेच बंद केलं असतं. आमच्या मायले आयकू कमी येते, म्हणून मोठ्यानं बोला लागते. तिची पंच्याहत्तरी हाय. समुद्र पाह्यला नव्हता तिनं कधी.” मग जरा थांबून म्हणाला, “तो वर्दीवाला आला तं ती घाबरली. मले म्हणे, आता आपल्याले इथंच उतरून देतीन का रे? तवापासून बोलूनच नाही राह्यली.”

खिडकीजवळच्या टेबलावर नऊवारीतली एक म्हातारी समुद्राकडे पाठ करून बसली होती. समोरचा चहा तसाच होता.

वाचकहो, रात्री अडीचपर्यंतचा गोंगाट योग्य होता, असं मी आजही म्हणणार नाही. कारण समजलं म्हणून चूक बरोबर ठरत नाही. देशातल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी २००० साली रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ ठरवून दिली. रेल्वेनंही २०१७पासून झोपण्यासाठी हीच वेळ धरली आहे. माणसाला झोपेचा हक्क आहे आणि तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या म्हातारीच्या पाठीकडे बघताना मला आणखी एक पाठ आठवली, आणि माझा चहाही तसाच राहिला.

१९८७ साली मी आमच्याच भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो १९९८मध्ये झाला. सगळा अकोल्याचाच कारभार. बँकेनं भाड्यानं घेतलेल्या माडीवर आम्ही राहायचो आणि खाली दोन खोल्यांत शाखेतलाच एक शिपाई, त्याची बायको आणि तान्हं मूल. मी तेव्हा पहिली कादंबरी लिहीत होतो. दिवसा बँक, म्हणून लिखाण रात्री. मराठी टाइपरायटर विकत घेतला होता, त्याचा मला भारी अभिमान. जेवण झालं की दहाला बसायचो, ते दीड-दोनपर्यंत. माडीची जमीन लाकडी फळ्यांची. टेबलाचे पाय थेट त्या फळ्यांवर. खटखट, खटखट, ओळ संपली की घंटी, आणि मग गाडा मागे ओढल्याचा खर्रकन आवाज. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं होतं. खालून एकदाही कोणी काही बोललं नाही. ‘किती समजूतदार शेजार लाभलाय,’ असं मी पत्नीला म्हणायचो.

बदली झाली तेव्हा ट्रकमध्ये सामान भरायला तो शिपाईच पुढे होता. टाइपरायटर त्यानं स्वतः पाठीवर घेऊन माडीवरून उतरवला. त्याची बायको दारात उभी होती. ती सहज बोलून गेली, “आता पोरगं रातचं झोपन बापा.” तो पाठीवरच्या ओझ्यासकट वळला आणि तिच्यावर डाफरला. मग माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. ट्रक निघाला.

त्यानं दोन वर्षांत दार का वाजवलं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी ते कळून घेतलं नाही, इतकंच. सकाळी ज्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, त्याच्या दारावर रात्री थाप कशी मारायची? आमच्या शाखेत दोरीनं टांगलेली तक्रार वही होती. ती ग्राहकांसाठी होती. साहेबाच्या टाइपरायटरची तक्रार लिहायला कोणती वही होती त्याच्याकडे? कादंबरी छापून आली, परीक्षणं बरी आली. सुरुवातीच्या पानावर मी पत्नीचे, मित्रांचे, प्रकाशकांचे आभार मानले आहेत. ज्यांच्या झोपेवर ती लिहिली गेली, त्यांचा उल्लेख नाही.

जहाजावर मी फोन उचलला, कारण मला उचलता येत होता. समोरच्या दाराशी जायला लागली असती पाच पावलं. तेवढी पावलं टाकायचा मला कंटाळा होता, भीती होती, आणि थोडा साहेबीपणाही होता. वर्दी पाठवणं सोपं असतं. आधी स्वतः जाऊन, हात जोडून, माणसासारखं सांगून पाहावं. सांगायचं ते शक्यतो दिवसा सांगावं. मध्यरात्री दोन्ही बाजूंची डोकी तापलेली असतात. ऐकलं नाही तर मग फोन आहेच, आणि तेव्हा तो करताना मागेपुढे पाहू नये. दाराशी दारू पिऊन गोंधळ घालणारे असतील, तर मात्र एकट्यानं शौर्य दाखवायला जाऊ नये, सरळ सुरक्षारक्षकालाच बोलवावं.

त्या दिवशी संध्याकाळी साडेआठला आम्ही दोघं शेजारच्या दाराशी गेलो. घरून आणलेल्या तिळाच्या लाडवांचा डबा पत्नीच्या हातात होता. म्हातारी आधी आम्हाला बघून पदर सावरत उठलीच. मी मोठ्यानं म्हणालो, “आजी, मी जऊळक्याचा!”

“कोंच्या जऊळक्याचा?”

“रेल्वेच्या!”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली आणि बसली. आणि मग तिच्या माहेरच्या मीटरगेज गाडीच्या गोष्टी सुरू झाल्या. सगळे ओरडून बोलत होते, मीही ओरडत होतो. आमच्या दुसऱ्या बाजूच्या खोलीत कोण होतं, देव जाणे. साडेदहाला तिचा मुलगा घड्याळाकडे बघून उठला आणि त्यानं स्पीकर पिशवीत टाकला. त्या रात्री आणि पुढच्याही रात्री आम्ही झोपलो.

आता घरी परत आलो आहे. त्या शिपायाचा पत्ता जुन्या सहकाऱ्यांकडून मिळाला आहे. तान्हं मूल होतं, ते आज चाळिशीला आलं असेल. काय बोलायचं ते अजून ठरत नाही. कादंबरीचं पुस्तक घेऊन जावं म्हटलं, तर तेच पुस्तक कोणत्या तोंडानं पुढे करायचं? पत्नी म्हणते, “लाडू घेऊन जा.” कदाचित तेच बरं. रात्रीची गाडी आता स्टेशनातून सुटते आहे. हा लेख मी हातानं लिहितो आहे.