दरडोई उत्पन्न वाढलं, मग आपला गल्ला का नाही वाढला?



मागच्या बॅचमधल्या एक ताई प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आल्या. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणीजवळच्या गावात रेडिमेड कपड्यांचं दुकान टाकायचं होतं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, "राज्याचं दरडोई उत्पन्न ३ लाखांवर, म्हणजे ग्राहकाकडे पैसा आहे." डिपॉझिटसाठी दागिने गहाण ठेवायची तयारी होती. मी म्हटलं, ताई, थोडं थांबा. आधी हा आकडा फोडून बघू.

आकडा काय सांगतो?

राज्याच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न ३,०९,३४० रुपये अपेक्षित धरलं होतं. आदल्या वर्षी ते २,७८,६८१ होतं. म्हणजे वाढ साधारण ११ टक्के. पण त्याच पाहणीत, महागाई वजा करून, राज्याच्या अर्थव्यवस्थेची वाढ ७.३ टक्के धरली आहे. म्हणजे त्या ११ टक्क्यांतला बराचसा भाग नुसत्या भाववाढीचा. शंभराचा शर्ट एकशे चारला विकला, तर विक्री वाढली, पण शर्ट एकच गेला ना!

दुसरं, ही सरासरी आहे. ३,०९,३४० म्हणजे चार माणसांच्या घरात महिन्याला एक लाखावर. तुमच्या गल्लीत अशी घरं किती? मुंबई-पुण्याची कमाई आणि गडचिरोलीची कमाई एकाच भांड्यात टाकून हा आकडा निघतो.

पिकलं कुठे, गेलं कुठे?

आता मुख्य मुद्दा. देशाच्या हद्दीत जेवढं उत्पादन झालं, तो जीडीपी. त्यातून परदेशात गेलेला नफा, व्याज, पगार वजा करा आणि तिकडून आलेला मिळवा, की झालं सकल राष्ट्रीय उत्पन्न, म्हणजे जीएनआय. भारताचा जीएनआय जीडीपीपेक्षा थोडा कमीच असतो, कारण येतं त्यापेक्षा जास्त बाहेर जातं. घाना, नायजेरियासारख्या देशांत सोनं किंवा तेल निघतं, पण परदेशी कंपन्यांचा नफा बाहेर जातो. म्हणून तिथे हा फरक बघावाच लागतो.

जिल्ह्याचंही तसंच आहे. जिल्ह्याचं उत्पन्न मोजतात ते तिथे काय तयार झालं त्यावरून, तिथल्या लोकांच्या हातात काय राहिलं त्यावरून नाही. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी तिथे, मुख्यालय आपल्या नागपुरात आणि मालक कोल इंडिया कोलकात्यात. मजुरी, पगार बराचसा गावात राहतो. नफा मात्र बाहेर जातो, पण मोजला जातो चंद्रपूरच्या खात्यात.

उलटंही घडतं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हे काही जिल्ह्यातलं उत्पादन नाही, पण तुमच्या ग्राहक ताईच्या पर्समध्ये ते खरोखर येतात.

मग करायचं काय?

१. दुकानाच्या जागेसमोर एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस उभे राहा. किती लोक पिशवी घेऊन जातात ते मोजा.
२. शेजारच्या किराणावाल्या भाऊंना विचारा, उधारी किती आणि वसूल कधी होते?
३. खाणीत कायम कामगार किती, ठेकेदाराचे किती? पगाराची तारीख कोणती?
४. सरासरी बिल गुणिले रोजचे ग्राहक. त्यातून मालाची खरेदी, भाडं, वीज आणि हप्ता काढा. उरलं तर पुढे जा.

ताईंनी हेच केलं. कायम कामगार मोठी खरेदी चंद्रपूरला जाऊन करतात, गावात खपतात ते रोजच्या वापराचे स्वस्त कपडे, हे त्यांना तिथे उभं राहून कळलं. दुकान सध्या बाजूला ठेवलं आणि आठवडी बाजारात टेबल लावलं. दागिने घरीच आहेत.

देशाचा, राज्याचा आकडा जरूर वाचा, दिशा कळते. पण भाडेकरारावर सही करण्याआधी आपल्या गल्लीचा आकडा स्वतः काढा. वहीत लिहून आणा, पुढच्या व्हिडिओत त्यावरूनच ब्रेक-इव्हन काढू.