विमान हवेत ‘स्टॉल’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून कुठे कुठे थोडी सरळ केली आहेत.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झालाय. मेसेज आला मणिबेलीहून. मणिबेली म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठावरचं गाव. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात सगळ्यात आधी जिथे शिरलं त्यातलं हे एक, तिथलं जुनं शूलपाणेश्वराचं मंदिरही पाण्याखाली गेलं. मेसेज पाठवणारा पोरगा म्हणाला, “दादा, टेकडीवर चढून पाठवतोय, रेंज गेली तर समजून घ्या.” पुढच्या महिन्यात तो स्पर्धेसाठी बडोद्याहून दिल्लीला चाललाय, आयुष्यात पहिल्यांदा विमानाने. आणि घरात कुणीतरी आईला एक रील दाखवलं, ‘विमान स्टॉल झालं आणि कोसळलं’. आता आई म्हणते, रेल्वेने जा. त्याचा प्रश्न असा: “दादा, गाडी बंद पडते तसं विमान वरच बंद पडतं का?”

तर भावा, पहिली गोष्ट. नाही. घोळ शब्दाचा आहे. क्लच चटकन सोडला की बाईक गचका देऊन बंद पडते, त्याला आपण ‘गाडी स्टॉल झाली’ म्हणतो. विमानाचा स्टॉल वेगळा. त्यात इंजिन मस्त चालू असू शकतं, अगदी पूर्ण जोरात. स्टॉल होतो तो पंख.

आता पंख कसा काम करतो हे तुला माझ्यापेक्षा सोपं कळेल, कारण तुझ्याकडे होडी आहे. होडी हळू चालली असताना लाइफ जॅकेट घालून, नीट आत बसून, हाताचा पंजा आडवा करून पाण्यात धर. (एसटीच्या खिडकीतून करू नकोस, तिथे तसं लिहिलेलंच असतं.) पंजा सपाट असेल तर विशेष काही होत नाही. अंगठ्याकडची कड जराशी वर कर, हात वर ढकलला जाईल. आणखी वर कर, आणखी जोर लागेल. पण एका मर्यादेनंतर पंजा जवळजवळ उभा झाला की वरचा जोर जातो, हात नुसता मागे ओढला जातो, थरथरतो आणि पंजाच्या मागे पाण्यात भोवरे उठतात.

झाला स्टॉल! पाण्याच्या जागी हवा समज, पंजाच्या जागी पंख.

पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला जो कोन, तो सगळा खेळ. हा कोन वाढवत गेलं की पंखाला वर उचलणारा जोर वाढत जातो. साधारण १५ अंशांच्या आसपास (पंखाच्या आकाराप्रमाणे कमीजास्त) मर्यादा येते. त्यापुढे पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा पाठ सोडून देते.

का सोडते? चांदसैली घाट डोळ्यासमोर आण. उतारावरून सायकल सुसाट आली आणि पुढे चढ लागला. पायडल मारायचं नाही. चढ बेताचा असेल तर आलेल्या वेगावर तू पार होशील. चढ खडा असेल तर मध्येच थांबशील आणि मागे घसरशील. पंखाच्या पाठीवर तसंच आहे. पुढच्या भागात दाब कमी असतो, तिथे हवा वेग घेते. मागच्या कडेकडे जाताना दाब पुन्हा वाढत जातो, म्हणजे तो चढ. पंखाला अगदी लगटून जाणारी हवा घासून आधीच मंदावलेली असते. कोन वाढला की चढ खडा होतो, ती हवा दमते, उलटी फिरते, आणि वरचा सगळा प्रवाह पंखापासून सुटतो. उचल एकदम घटते आणि विमान खाली बसू लागतं.

इथे एक गैरसमज खोडतो. ‘वेग कमी झाला म्हणून स्टॉल झाला’ हे अर्धंच खरं. विमान हळू झालं की तेवढंच वजन उचलायला वैमानिकाला नाक वर करून कोन वाढवावा लागतो, म्हणून कमी वेगात मर्यादा लवकर गाठली जाते. पण भरपूर वेग असतानाही कोन ओलांडला तर पंख स्टॉल होणारच. उंची न सोडता ६० अंश कलून वळण घेतलं तर पंखांवर दुप्पट भार येतो. मग जे विमान सरळ जाताना ५० नॉटला स्टॉल होतं, ते तिथे ७० नॉटलाच होतं. खाली येताना, हळू वेगात, तिरकं वळण म्हणूनच नाजूक.

पाटण्याची गोष्ट हीच. १७ जुलै २०००, अलायन्स एअरचं बोईंग ७३७, कोलकात्याहून दिल्लीला निघालेलं, मध्ये पाटणा आणि लखनौ. पाटण्याला उतरताना विमान हवं त्यापेक्षा उंच राहिलं, म्हणून वैमानिकांनी एक गोल फेरी मागून घेतली. इंजिनांचा जोर किमान, वेग घटलेला, नाक वर, त्यात वळण. वैमानिकाच्या हातातला दांडा थडथडायला लागला. बोईंगमध्ये ही सोयच असते, स्टॉल जवळ आला की दांडा हलवून सांगतात. त्या क्षणी करायचं होतं ते स्टॉलमधून बाहेर पडण्याचं काम. चौकशीत दिसलं की त्यांनी उतरणं रद्द करून पुन्हा वर जायची कृती केली. विमान गर्दनीबागच्या वस्तीवर पडलं. ६० माणसं गेली, त्यात ५ जमिनीवरची.

आपल्या मुंबईतही २८ जून २०१८ ला जुहूहून चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळलं. आतले चौघं आणि रस्त्यावरचा एक जण गेला. पावसाळी हवेत विमानाच्या स्थितीचं भान सुटलं, असं तपासात आलं, आणि शेवटची कडी तिथेही स्टॉलचीच होती.

मग बाहेर कसं पडायचं? ऐकायला उलटं वाटेल, पण नाक खाली करायचं. विमान पडतंय आणि वैमानिकाने नाक आणखी खाली दाबायचं! कारण कोन कमी झाला की हवा पुन्हा पंखाला धरते. मग पंख सरळ, इंजिनाला जोर, आणि हळूच वर. यात थोडी उंची खर्च होते, म्हणून शिकाऊ वैमानिक हा सराव भरपूर वर जाऊन करतात. तुमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूरला, वैमानिक घडवणारी संस्था आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला शिक्षकासोबत मुद्दाम स्टॉल करून बाहेर काढायला शिकवतात, पुन्हा पुन्हा.

पण घाबरलेला हात आपोआप दांडा मागे ओढतो. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान रात्री अटलांटिकवर होतं. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, ऑटोपायलट सुटला, आणि एरवी कोन मर्यादेत ठेवणारं संगणकाचं संरक्षणही निघून गेलं. वैमानिक नाक वर खेचत राहिला. स्टॉलचा इशारा वाजत होता, इंजिनं चालू होती, आणि सुमारे ३८ हजार फुटांवरून विमान साडेतीन मिनिटांत समुद्रात गेलं. २२८ माणसं. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग हाच. त्यानंतर जगभर प्रशिक्षणातला भर बदलला: उंची वाचवायची धडपड नंतर, आधी कोन कमी करा.

आता आईला काय सांगशील? खोटं बोलू नकोस, ‘कधीच होत नाही’ असं म्हणू नकोस. सांग की प्रवासी विमान या मर्यादेपासून बरंच लांब ठेवून उडवतात, जवळ गेलं तर आधीच इशारा येतो, आणि वैमानिकांना त्याचा सराव सिम्युलेटरवर करावाच लागतो. ढगात विमान हादरतं तो स्टॉल नव्हे, तो हवेतला खड्डेवाला रस्ता. उडाल्यावर थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज कमी होतो आणि पोटात गोळा येतो, तेव्हाही काही बिघडलेलं नसतं. वैमानिकाने जोर ठरल्याप्रमाणे कमी केलेला असतो.

आणि एक काम. पंखाच्या जरा मागची खिडकी मिळते का बघ. उतरताना पंखाच्या मागच्या कडेतून पत्रे सरकत बाहेर येतील, वाकतील, मोठा घरघर आवाज येईल. पंख मोठा आणि जास्त वाकडा झाला की कमी वेगातही विमान पेलता येतं. पुढच्या कडेलाही तसे भाग असतात, ते हवेला पंख लवकर सोडू देत नाहीत. घारीच्या पंखाला अंगठ्यापाशी पिसांचा छोटा झुपका असतो. फांदीवर बसताना ती तो उघडते, कारण तेच. गावात घार उतरताना दिसली तर नीट बघ, बसायच्या अगदी शेवटच्या क्षणी ती पंख इतके उभे करते की स्वतःच स्टॉल होते. फक्त तेव्हा ती फांदीपासून वीतभर वर असते.

दिल्लीहून आलास की टेकडीवर चढ आणि कळव.