मोटारसायकलच्या पॅनलांची घरगुती दुरुस्ती

मोटारसायकलचे तडकलेले किंवा मोडलेले साइड पॅनल, टेल पॅनल, हेडलाइटभोवतीचे व्हायझर, मडगार्ड इत्यादी भाग न बदलता वाहनमालकाने ते स्वतः सांधणे व रंगवणे, यास पॅनलांची घरगुती दुरुस्ती म्हणतात. सांधा टिकणे हे चिकटवणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा पॅनल कोणत्या प्लॅस्टिकचे आहे, यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरचे अंग पोलादी पत्र्याचे होते. पत्र्याला पोचा पडला तर तो ठोकून सरळ करता येई आणि चीर पडली तर वेल्डिंग करता येई. पुढे मोटारसायकलींवर साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचे भाग आले. त्यामुळे वजन घटले व गंज टळला. मात्र पत्रा वाकतो तेथे प्लॅस्टिक तडकते.

बीड जिल्ह्यासारख्या भागात तडे जाण्याची कारणे केवळ अपघातांपुरती मर्यादित नसतात. मराठवाड्यातील काळी माती पावसात चिकट होते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दाटून बसते आणि फिरत्या चाकाचा जोर मडगार्डावर येतो. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. उन्हातील अतिनील किरणांनी एबीएस प्लॅस्टिकमधील रबरी घटक कालांतराने निकामी होतो. त्यामुळे जुने, विटलेले पॅनल किरकोळ धक्क्यानेही फुटते.

प्लॅस्टिकची ओळख

बहुतेक पॅनले एबीएस (ॲक्रिलोनायट्राइल-ब्युटाडायीन-स्टायरीन) किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) यांची असतात. पॅनलच्या आतल्या बाजूस अनेकदा साच्यातच हे संक्षेप रोमन अक्षरांत उमटवलेले असतात. खूण नसेल तर तुटलेल्या भागाची रंग नसलेली कपची पाण्यात टाकून पाहावी. शुद्ध पीपीची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९ असल्याने ते तरंगते, एबीएस बुडते. पीपीमध्ये खनिज भुकटी मिसळलेली असल्यास तेही बुडू शकते, म्हणून दुसरी चाचणी उपयोगी पडते. आतल्या बाजूस ॲसिटोनचा एक थेंब चोळल्यास एबीएस चिकट होते, पीपीवर काहीही परिणाम होत नाही.

सामान्य गोंद आणि इपॉक्सी पीपीच्या पृष्ठभागाला नीट धरत नाहीत. पुन्हा पुन्हा चिकटवूनही निघणारे मडगार्ड पुष्कळदा याच कारणाने निघते, आणि दोष मात्र गोंदाला दिला जातो.

सांधण्याच्या पद्धती

प्रथम पॅनल काढून साबणाच्या पाण्याने धुतात व पूर्ण वाळवतात. वंगणाचा अंश राहिल्यास सांधा सुटतो. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी २ ते ३ मिलिमीटरचे छिद्र पाडतात. त्यानंतर आतल्या बाजूने चिरेच्या रेषेत जाडीच्या निम्म्याहून थोडी अधिक खोल अशी उतरत्या काठांची खाच करतात.

एबीएससाठी सर्वात सोयीचे सांधण्याचे साधन एबीएसच आहे. त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लगदा करतात आणि तो खाचेत थरांनी भरतात. ॲसिटोन उडून गेल्यावर लगदा व मूळ पॅनल एकजीव होतात. लगदा वरून लवकर सुकलेला दिसला तरी आतून मऊ असतो. त्यामुळे किमान एक दिवस हात न लावणे इष्ट.

पीपी मात्र वितळवूनच सांधावे लागते. ते सुमारे १६० अंशांना वितळते. सोल्डरिंग आयर्नने खाचेचे काठ मऊ करून त्यात पीपीचीच पट्टी वितळवतात आणि मागून बारीक पोलादी जाळीचा तुकडा दाबून बसवतात. जाळीमुळे सांध्याला कंपने सोसण्याची ताकद येते.

पॅनलच्या आतल्या खुंट्या सर्वाधिक मोडतात. त्या फ्रेमवरील रबरी बुशात बसतात. रबर वाळून कडक झाल्यावर पॅनल ओढले की खुंटी मुळापासून तुटते. बुशाला साबणाचे पाणी लावून पॅनल सरळ रेषेत ओढल्यास हे टळते. तुटलेल्या खुंटीसाठी झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण सर्रास वापरतात. ते क्षणात दगडासारखे होते, परंतु ठिसूळ असल्याने कंपनाने सुटते. खुंटीत मधोमध छिद्र पाडून आत लहान स्क्रू बसवणे अधिक टिकाऊ ठरते.

शेवटी लांबी भरून, पॉलिश पेपरने पाण्यासह घासून, प्रायमर व रंगाचे पातळ थर देतात. पीपीवर रंग धरण्यासाठी वेगळा प्रायमर लागतो.

मर्यादा व धोके

ॲसिटोन अतिज्वलनशील आहे. ते उघडे असताना जवळ चूल, विडी किंवा तापलेले सोल्डरिंग आयर्न नसावे. वितळत्या एबीएसचा धूर अपायकारक असल्याने काम उघड्यावर करतात. पेट्रोलची टाकी या दुरुस्तीच्या कक्षेबाहेरची आहे. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने स्फोट घडवू शकते, म्हणून तिला घरी उष्णता देऊ नये. पुढच्या चाकावरील मडगार्ड पकडीच्या जागी तुटले असल्यास ते बदलणेच योग्य, कारण सुटलेला तुकडा चालत्या चाकात अडकू शकतो.

मागील मडगार्डावर उच्च सुरक्षा क्रमांकपाटी असते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांनाही ती बंधनकारक आहे. तिची कुलुपे एकदा काढल्यावर पुन्हा वापरता येत नाहीत. पाटी उतरवावी लागल्यास ती अधिकृत केंद्रातूनच पुन्हा बसवून घ्यावी लागते. वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असल्याने पॅनले मूळ रंगातच रंगवली जातात. संपूर्ण रंग बदलायचा असल्यास परिवहन कार्यालयात तशी नोंद करावी लागते. बीड जिल्ह्यातील वाहनांसाठी एमएच २३ आणि अंबाजोगाई कार्यालयाच्या कक्षेत एमएच ४४ हे नोंदणी संकेतांक आहेत.