अलर्कविष आणि आपले दायित्व

प्राण्यांपासून मनुष्यास होणाऱ्या व्याधींमध्ये अलर्कविष, म्हणजेच रेबीज, याइतका निश्चित मारक व्याधी दुसरा क्वचितच असेल. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात पिसाळलेल्या श्वानाची लक्षणे व दंशचिकित्सा वर्णिली आहे. जलत्रास उत्पन्न झालेला रुग्ण मात्र त्यांनी असाध्य मानला. आधुनिक वैद्यकाचा अनुभवही तोच आहे. म्हणून जे काही करावयाचे, ते दंश आणि लक्षणोत्पत्ती यांमधील काळातच. हा काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा, क्वचित आठवड्याचा वा वर्षाचाही असतो. विषाणू मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. त्यामुळे मुख, मान व हात यांवरील दंश अधिक घातक.

सुश्रुतांनी दंशस्थानी रक्तनिर्हरण व तप्त घृताने दाह सांगितला. विष जागीच नष्ट व्हावे हा त्यामागील हेतू. आज तो साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुतल्याने साधतो; दाहकर्माचे प्रयोजन उरलेले नाही. खेदाची गोष्ट ही की, जखमेत मिरची, चुना वा हळद भरण्याची प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही. औषधालयचालकांकडे कोणी अशा जखमेसाठी मलम मागितल्यास त्यांनी ते न देता प्रथम नळ दाखवावा. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. टाके शक्यतो टाळावेत.

त्यानंतर रुग्णास त्याच दिवशी लसीकरणासाठी पाठवावे. स्नायूत द्यावयाची लस ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी देतात. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही आवश्यक. पिल्लाचा ओरखडा क्षुल्लक समजू नये. ‘कुत्रा दहा दिवस जगतो का पाहू’ म्हणून लस लांबविणे तर सर्वथा अयोग्य; निरीक्षण करावे, परंतु लस सुरू करूनच. गर्भिणी व स्तनदा यांनाही ती देता येते. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती रुग्णांच्या मनात अजून आढळते. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती लस २००५ पासून भारतात वापरात नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे.

आपल्या अगदतंत्राचा आम्हांस अभिमान आहे. तथापि लसीऐवजी कोणताही अगद वा काढा देणे हा आम्ही रुग्णाचा घात समजतो.

ज्या औषधालयांत ही लस ठेवली जाते, तेथे शीतकपाटाचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहील याची नित्य नोंद असावी. गोठलेली लस कोणासही देऊ नये.