इंदूरचे घंटाघर

तुकोगंजातून राजवाड्याकडे निघालेला मनुष्य आगगाडीच्या रुळांवरील शास्त्री पूल ओलांडून पश्चिमेस उतरला, की बाजारपेठेच्या वर्दळीत शिरण्यापूर्वी त्याची दृष्टी सहजच वर जाते. कारण तेथे घुमट आणि कमानी यांच्या परिवारात, चारही दिशांना मुख असलेला घड्याळाचा मनोरा उभा आहे. दप्तरी या वास्तूचे नाव महात्मा गांधी सभागृह; परंतु मनोऱ्यामुळे लोकांनी तिला दिलेले घंटाघर हे नावही तितकेच रूढ आहे.

१९०३ साली महाराज शिवाजीराव होळकर गादीवरून दूर झाले आणि तिसरे तुकोजीराव अल्पवयीन असल्यामुळे राज्यकारभार मंडळाच्या हाती गेला. त्याच काळात, १९०४ मध्ये, ही इमारत किंग एडवर्ड हॉल या नावाने उभी राहिली. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी तिचा आराखडा केला. सिवनीच्या दगडात घडलेल्या या वास्तूत गॉथिक कमानींचा ऊर्ध्वगामी आवेश आणि राजपूत घुमटांचे भारदस्त स्थैर्य यांचा मेळ साधला आहे. पुढे पंचम जॉर्ज झालेल्या युवराजांच्या हस्ते नोव्हेंबर १९०५ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

मनोऱ्यावरच्या घड्याळाचे महत्त्व उमगण्यासाठी त्यापूर्वीचा काळ आठवला पाहिजे. जुन्या दरबारांत पाण्यावर घटिकापात्र तरंगत असे आणि ते बुडताच पहारेकरी काशाच्या थाळीवर टोल देई. त्या थाळीला ‘तास’ म्हणत, आणि तिच्या टोलांनी मोजला जाणारा कालखंडही आपल्या भाषेत तासच झाला. म्हणजे वेळ ही सरकारवाड्याने रयतेस कळवावयाची वार्ता होती. मनोऱ्यावरच्या तबकडीने ती कोणाच्याही मध्यस्थीवाचून हमालास, कापडाच्या दलालास आणि शाळकरी पोरास सारख्याच ठळकपणे दाखविली. चार तबकड्या असल्यामुळे कोणत्याही दिशेने येणारा माणूस तीस पारखा झाला नाही.

याच सुमारास, १ जानेवारी १९०६ पासून, हिंदुस्थानात प्रमाणवेळ सुरू झाली. ८२॥ अंश रेखांशावर बेतलेली ही वेळ इंदूरच्या सूर्यापेक्षा सुमारे साडेसव्वीस मिनिटे, म्हणजे एका घटकेहून किंचित अधिक, पुढे धावते. आपल्या माथ्यावरचा सूर्य सोडून साऱ्या देशाशी एका काट्याने चालण्याचा करार एकेका शहराने लवकर वा उशिरा केला. आणि आगगाडी गाठणाऱ्यांच्या वाटेवरच उभ्या असलेल्या सार्वजनिक घड्याळाहून त्या कराराची अधिक उघड सनद कोणती असणार?

१९४८ साली बादशहाचे नाव उतरले आणि महात्म्याचे चढले. ज्या गांधींनी १९१८ आणि १९३५ अशी दोनदा इंदुरात हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, आणि जे कमरेस घड्याळ बाळगून वेळेचा हिशेब व्रतासारखा ठेवीत, त्यांचे नाव घड्याळाच्या मनोऱ्याखाली यावे, हे मला अत्यंत उचित वाटते. सुमारे दोन हजार श्रोते सामावणाऱ्या त्या दालनात आणि आवारात पुस्तकांची व चित्रांची प्रदर्शने भरतात, जत्रा लागतात.

अशा घड्याळाची निगा हे शोभेचे काम समजू नये. प्रत्येकाच्या मनगटावर आणि खिशात आज वेळ आहे, परंतु ती ज्याची त्याची आहे. मान वर करून अनोळखी शेजाऱ्याबरोबर एकाच काट्याकडे पाहण्याचा योग मात्र या मनोऱ्यापाशीच येतो. दरबारातून निघालेला तास जेथे रयतेचा झाला, तेथे तो चालता ठेवणे हे आता रयतेचेच कर्तव्य आहे.