घर घेताना मध्यस्थ नेमका कोणाचा?

स्वतःचे घर ही सामान्य माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. आयुष्यभराची पुंजी आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे हप्ते त्यात गुंतलेले असतात. नोकरीनिमित्त किंवा बदलीमुळे बेंगळुरूत स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. शहर नवे, भाषा नवी, जमिनीचे बहुतेक दप्तर कन्नडमध्ये. साहजिकच मध्यस्थाचा, म्हणजे एजंटचा, आधार घ्यावा लागतो. तो घेण्यात गैर काहीच नाही. मात्र हा मध्यस्थ नेमका कोणाच्या वतीने काम करीत आहे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला पाहिजे.

दलालीचे गणित

जुन्या घराच्या व्यवहारात साधारणपणे किमतीच्या एक ते दोन टक्के दलाली आकारली जाते आणि पुष्कळदा ती दोन्ही पक्षांकडून घेतली जाते. समजा, जयनगरातील एका सदनिकेची किंमत ८० लाख रुपये आहे. दोन टक्के दराने खरेदीदाराची दलाली १ लाख ६० हजार रुपये होते. एजंट वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असल्यास त्यावर १८ टक्के, म्हणजे २८,८०० रुपये कर पडतो. आता घासाघीस करून किंमत पाच लाखांनी कमी झाली, तर आपले पाच लाख वाचतात. एजंटची आपल्याकडील दलाली मात्र केवळ दहा हजारांनी घटते. व्यवहार लांबला किंवा मोडला, तर त्याचे अधिक नुकसान होते. म्हणून तो अप्रामाणिक नसला तरी त्याचा कल व्यवहार लवकर पूर्ण होण्याकडे राहणार, हे गृहीत धरावे.

नव्या प्रकल्पात एजंट ‘माझी सेवा आपणांस मोफत’ असे सांगतो. तेथे त्याचा मोबदला बहुधा विकासक देतो. ज्याचा मोबदला, त्याचे हित, हा व्यवहाराचा साधा नियम येथेही लागू पडतो. अमेरिकेत याच प्रश्नावरून मोठे दावे झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून तेथील बहुतेक एजंटांना घर दाखविण्यापूर्वी खरेदीदाराशी मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण तसा करार मागण्यास कोणाची आडकाठीही नाही.

कायदा काय सांगतो?

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’. या कायद्याच्या कलम ९ नुसार, नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका वा भूखंड विकून देणाऱ्या एजंटने प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. प्रत्येक व्यवहारात त्याने आपला नोंदणी क्रमांक नमूद करावयाचा असतो. नोंदणी नसलेला प्रकल्प विकणे, खोटी माहिती देणे यांस कलम १० मनाई करते. नियमभंग केल्यास दररोज १० हजार रुपये आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटचा क्रमांक कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. महाराष्ट्रात महारेराने २०२३ पासून एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही बंधनकारक केली आहे.

कलम ९ मधील ही अट विकासकाकडून होणाऱ्या विक्रीसाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. मालकाकडून जुने घर घेताना ‘रेरा’चे हे संरक्षण गृहीत धरू नये. अशा वेळी भारतीय करार कायदा, १८७२ उपयोगी पडतो. आपण ज्याला प्रतिनिधी नेमतो, त्याने आपल्या संमतीविना त्याच व्यवहारात स्वतःचा स्वतंत्र फायदा साधला, तर त्या फायद्यावर आपण हक्क सांगू शकतो. मात्र तो आपला प्रतिनिधी आहे, हे लेखी असले पाहिजे.

बेंगळुरूची परीक्षा

महाराष्ट्रात सातबारा व मिळकत पत्रिका पाहण्याची आपल्याला सवय असते. बेंगळुरूत ‘खाता’, ‘ई.सी.’ म्हणजे बोजा दाखला, ‘आर.टी.सी.’ म्हणजे पहाणी हे शब्द कानी पडतात. खाता हा मुख्यतः करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ‘बी’ खात्याच्या मालमत्तेवर गृहकर्ज मिळणे अवघड जाते. ऑक्टोबर २०२४ पासून तेथे दस्तनोंदणीसाठी ई-खाता सक्तीचा झाला आहे. शेतजमिनीचे रीतसर रूपांतर न करता पाडलेले ‘रेव्हेन्यू साइट’ स्वस्त दिसतात, पण पुढे डोकेदुखी ठरतात. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

एजंटची पारख येथेच होते. ‘खाता ए की बी? भोगवटा प्रमाणपत्र आहे काय? मूळ मालकी दस्त कोठे आहे?’ असे विचारताच जो कागद पुढे ठेवतो, तो कामाचा. ‘सर्व काही होऊन जाईल’ म्हणणाऱ्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

नेमणुकीपूर्वी एवढे करावे

१. किमान तीन एजंटांना भेटावे. त्याच परिसरात अलीकडे घर घेतलेल्या त्यांच्या ग्राहकांशी बोलावे.

२. दुसऱ्या पक्षाकडून मोबदला घेणार काय, हे स्पष्ट विचारून उत्तर लेखी घ्यावे.

३. दलालीचा दर, कर, कराराची मुदत आणि रक्कम देण्याची वेळ लिहून घ्यावी. संपूर्ण दलाली खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच द्यावी.

४. बयाणा रक्कम धनादेशाने अथवा बँकेमार्फत थेट मालकाच्या नावे द्यावी, एजंटच्या नावे नव्हे. व्यवहार फिसकटल्यास ती कशी परत मिळेल, हेही लिहून घ्यावे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

५. वकील स्वतः निवडावा. एजंटने सुचविलेल्या वकिलावर विसंबू नये.

बँकेची भूमिका

‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागदपत्रे निर्दोष,’ असा समज आढळतो. बँकेची कायदेशीर छाननी प्रामुख्याने बँकेच्या तारणासाठी असते. ती आपल्या वकिलाची जागा घेऊ शकत नाही. तरीही बयाणा देण्यापूर्वी कागदपत्रांच्या प्रती शाखेत दाखवाव्यात. या मालमत्तेवर कर्ज मिळू शकेल काय, हे आधीच कळले तर बयाणा अडकून पडत नाही. आमच्या शाखांतील सहकाऱ्यांनीही गृहकर्जाच्या पहिल्याच भेटीत हा सल्ला आवर्जून द्यावा.

चांगला एजंट मोलाचा वेळ वाचवितो, परिसराची खरी माहिती देतो आणि प्रसंगी ‘हे घर घेऊ नका’ असेही सांगतो. असा माणूस मिळाल्यास त्याची दलाली आनंदाने द्यावी. मात्र सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद आपण स्वतः वाचावा अथवा भरवशाच्या जाणकाराकडून वाचून घ्यावा.