सर्पांची तहान

पावसाळा लागला म्हणजे आपल्या नावड्याच्या परिसरांत बांधावर धामण आणि डबक्यांत दिवड हटकून दृष्टीस पडतात. जुन्या भातखाचरांच्या जागीं आतां इमारती आणि तळोज्याचे कारखाने उभे राहिले असले, तरी सर्प येथले रहिवासी आहेतच. त्यांची तहान कशी भागते, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें जाणून घेण्यासारखें आहे.

सर्पाची जीभ पाणी पिण्यासाठीं नसून गंध घेण्यासाठीं असते. पाणी पितांना तो तोंड पाण्याला टेंकवितो, आणि खालच्या जबड्यांतील बारीक घड्या तें स्पंजाप्रमाणें शोषून घेतात. थोडें पाणी त्यास भक्ष्यांतूनही मिळतें. शिवाय त्याचें मूत्र पांढऱ्या, घट्ट खड्याच्या रूपानें पडत असल्यामुळें शरीरांतील पाणी फार वांया जात नाहीं.

सर्पास किती ओलावा हवा, हें त्याच्या घरावरून ठरतें. दिवड पाण्याकांठीं राहतो. सह्याद्रींतील खापरखवल्या ओल्या मातींत राहतो. फुरसें रुक्ष, खडकाळ माळावर आढळतें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. कोरड्या मुलखांतील सर्पही दिवसाचा बराच काळ बिळांत किंवा दगडाखालीं घालवितो, आणि तेथील हवा बाहेरच्यापेक्षां दमट असते. म्हणून सर्प सांभाळणारानें केवळ प्रदेशाचें हवामान न पाहतां बिळाचें हवामान पाहावें.

सर्पालयांत यासाठीं साधी व्यवस्था करावी. सर्पास वेटोळें घालून बसतां येईल असें जड, पसरट भांडें ठेवावें व पाणी रोज बदलावें. पेटीच्या एका बाजूस उपडें मडकें ठेवून त्यांत ओला काथ्या घालावा. दुसरी बाजू कोरडी असावी. कोठें बसावें, हें सर्प आपणच ठरवितो. हवा फार कोरडी झाल्यास कात तुकड्यातुकड्यांनीं निघते. डोळ्यावर जुना पापुद्रा राहतो, शेंपटीच्या टोंकास कातेचें कडें आवळून रक्त अडतें. उलट, हवा कोंदट व तळ सदा ओला राहिल्यास पोटाचे खवले कुजतात आणि फुप्फुसांस विकार जडतो. म्हणून ओलाव्याबरोबर वारा खेळता पाहिजे.

आतां नागपंचमीचा विचार करूं. दूध हें सर्पाचें अन्न नव्हे. पुष्कळ गारुडी नागाला सणापूर्वीं कित्येक दिवस पाण्यावांचून ठेवितात. तहानेनें व्याकुळ झालेला तो जीव पुढें येईल तें पितो, आणि आपण त्यास भक्तीचा स्वीकार समजतों! तें दूध न पचून कित्येक नाग प्राणास मुकतात. वडील मंडळींनीं नागाच्या चित्राची पूजा करून दूध घरांतील मुलांस द्यावें, यांतच खरें पुण्य आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या दुरुस्त्यांनीं नाग, धामण, अजगर इत्यादि आपले सर्प पकडून घरीं बाळगण्यास मनाई केली आहे. ज्यांस ते जवळून पाहावयाचे असतील त्यांनीं पुण्याजवळील कात्रजच्या सर्पोद्यानास भेट द्यावी. घरांत सर्प शिरल्यास काठी न उचलतां दूर उभें राहून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. जो प्राणी शेतांतील उंदीर खाऊन आपलें धान्य राखतो, त्याला त्याचें बीळ व त्याचें पाणी मोकळें ठेवणें, एवढीच परतफेड आपणांकडून अपेक्षित आहे.